‘बालनाट्या’पासून ‘वंचितांच्या रंगमंचा’पर्यंत

नाट्यसंस्थेचा इतिहास लिहिताना बहुधा नाटकांची नावे, प्रयोगांची संख्या व नटांची कीर्ती यांचाच हिशेब मांडला जातो. लहान व स्वावलंबी संस्थेच्या बाबतीत मात्र हा हिशेब अपुरा पडतो. अशा संस्थेचे मोल ठरवावयाचे तर तिने रंगमंच कोणासाठी खुला केला, हे पाहावे लागते. रत्नाकर मतकरी यांनी स्थापन केलेल्या ‘बालनाट्य’ या संस्थेचा मुंबईत सुरू होऊन ठाण्यात एका नव्या वळणावर पोचलेला प्रवास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ची स्थापना केली, तेव्हा तिचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’ हे होते व त्याचे लेखक होते मतकरी. शाळेच्या संमेलनापुरते उरकावयाचे काम, ही मुलांच्या नाटकाविषयीची समजूत या प्रयोगाने मोडीत काढली. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्या वेळी ते बँक ऑफ इंडियात नोकरीस होते. ती नोकरी त्यांनी १९७८ पर्यंत केली. लेखन, दिग्दर्शन व निर्मिती ही कामे पोटापाण्याचा उद्योग सांभाळून करावयाची होती आणि पत्नी प्रतिभा मतकरी यांचाही संस्थेच्या कार्यात वाटा होता.

मुलांच्या नाटकाचे अर्थकारण स्वभावतःच नाजूक असते. प्रेक्षक प्रामुख्याने दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीत मिळतो. तिकिटाचा दर फार वाढविता येत नाही. उलट राक्षस, चेटकीण व राजवाडे यांसाठी रंगभूषा, वेशभूषा व नेपथ्य यांवरील खर्च टळत नाही. अशा स्थितीतही ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ यांसारखी नाटके रंगभूमीवर आली. त्यांपैकी ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर नव्याने आले व लोकप्रिय झाले. म्हणजे संहितेला बाजारपेठेत वारस मिळाला. परंतु संस्थेच्या कार्यपद्धतीला वारस कोण, हा प्रश्न वेगळा होय.

त्याचे उत्तर शोधताना मतकरींच्या प्रौढ रंगभूमीचाही विचार करावा लागतो. १९७८ च्या ‘लोककथा ७८’ या नाटकात त्यांनी खेड्यातील दलितांवर होणारा अत्याचार हा विषय हाताळला. येथे पीडित माणूस नाटकाचा विषय झाला. तथापि त्याची कथा सांगणारा लेखक दुसराच होता. ‘बालनाट्या’तही हीच मर्यादा होती. मूल हे प्रेक्षक होते, क्वचित नटही होते; लेखक मात्र प्रौढ होता.

ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न ठाण्यात झाला. १९७८ मध्ये गडकरी रंगायतन उभे राहिल्यापासून ठाण्याला नाट्यप्रेमी शहर अशी ओळख लाभली होती. परंतु त्याच शहराच्या झोपडवस्त्यांत वाढणाऱ्या मुलांचा त्या नाट्यप्रेमाशी फारसा संबंध नव्हता. दहावीपर्यंत कष्टाने पोचणाऱ्या अशा मुलांमध्ये समता विचार प्रसारक संस्था काम करीत होती. ही संस्था व ‘बालनाट्य’ यांच्या सहकार्याने २०१४ मध्ये मतकरींच्या कल्पनेतील ‘वंचितांचा रंगमंच’ साकार झाला. त्याच्या महोत्सवास ‘नाट्यजल्लोष’ असे नाव मिळाले. वस्तीवस्तीतील मुलांनी आपल्या जगण्यातील विषय निवडावा, त्यावर स्वतः नाटिका रचावी व स्वतःच ती सादर करावी, ही त्यामागील योजना होती. अनुभवी रंगकर्मींनी मार्गदर्शन करावयाचे. संहिता हातात ठेवावयाची नाही.

ब्राझीलचे नाट्यचिंतक ऑगस्तो बोआल यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पीडितांच्या रंगभूमीची जी कल्पना मांडली, तिच्याशी या उपक्रमाची तुलना उद्‌बोधक ठरते. बोआल यांच्या पद्धतीत प्रेक्षक चालू प्रयोगात हस्तक्षेप करून घटनेला वेगळे वळण देतो. ठाण्यातील मुलाचा हस्तक्षेप प्रयोगापूर्वीच, म्हणजे विषयाच्या निवडीपासून, सुरू होतो. पहिल्या पद्धतीत नाटक चर्चेचे साधन बनते. दुसरीत मुलाला कर्तेपण मिळते व तयार प्रयोगासह तो इतर नाट्यकर्मींप्रमाणेच प्रेक्षकांसमोर उभा राहतो.

या योजनेसही एक धोका आहेच. वंचितांकडून केवळ वंचनेचेच नाटक अपेक्षिले, तर त्यांना त्यांच्या दुःखातच कोंडल्यासारखे होईल. वस्तीतील मुलालाही राक्षस आणि चेटकीण यांवर तितकाच अधिकार आहे. हास्य आणि अद्‌भुत यांचा ‘बालनाट्या’तून आलेला वारसा येथेच उपयोगी पडावा.

१७ मे २०२० रोजी मतकरींचे निधन झाले. त्यानंतरही हा उपक्रम चालू राहिला. संस्थापकाच्या पश्चात अनेक लहान संस्था केवळ त्याच्या स्मृतीवर जगतात. येथे स्मृतीबरोबर एक रीतही मागे राहिली. ज्यांच्यासाठी नाटक लिहावयाचे, त्यांच्याच हाती लेखणी द्यावयाची, ही ती रीत होय.