वाळूतील बोगदा आणि साबणाचा फेस

नदीकाठच्या गावात विहीर खणताना वाळूचा पदर लागला की खणणाऱ्यांचे हात थांबतात. जितकी वाळू उपसावी तितकीच बाजूने आत येते, पाण्याबरोबर तर ती वाहतच येते, आणि पाहता पाहता काठावरची जमीन खचू लागते. म्हणूनच अशा ठिकाणी काँक्रीटची कडी एकावर एक उतरवीत विहीर खाली नेण्याची पद्धत आहे. शहराखालून आडवा बोगदा काढताना हाच वाळूचा पदर आडवा आला, तर काठावर झाडेझुडपे नसून माणसांची घरे असतात, एवढाच काय तो फरक.

कोलकात्यातील बोबाजार भागात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी याचा प्रत्यय आला. पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खोदणाऱ्या यंत्राची गाठ पाणी धरून ठेवणाऱ्या थराशी पडली. पाणी व माती बोगद्यात शिरली, वरची जमीन खचली, जुनी घरे तडकली, काही कोसळली आणि शेकडो रहिवाशांना राहते घर सोडावे लागले.

लोखंडी ढालीच्या आडोशाने बोगदा खणण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमध्ये थेम्स नदीखालील बोगद्याचे काम मार्क इझम्बार्ड ब्रुनेल यांनी १८२५ मध्ये अशाच ढालीच्या साहाय्याने सुरू केले. नदीचे पाणी बोगद्यात वारंवार घुसले, १८२८ च्या जानेवारीत त्यात सहा कामगार दगावले, आणि बोगदा खुला होण्यास १८४३ साल उजाडले. ढाल छताला व बाजूंना आधार देते. पण समोरची, जिथे खोदकाम चालते ती उभी भिंत उघडीच राहते. ही भिंत कशी धरून ठेवावयाची हा खरा प्रश्न होता.

त्याचे एक चतुर उत्तर जपानी अभियंत्यांनी शोधले व १९७४ मध्ये टोकियो येथे प्रथम अमलात आणले. समोरची माती रोखण्यासाठी खोदलेली मातीच वापरावयाची, असे ते उत्तर. यंत्राच्या तोंडाशी दात बसविलेले मोठे चाक फिरते. त्याने कापलेली माती चाकामागच्या बंद कोठीत जमते. कोठीतून ती बाहेर काढण्यासाठी मळसूत्रासारखा फिरणारा लांब दांडा एका नळीत बसविलेला असतो. पिठाच्या वा तेलाच्या गिरणीत धान्य पुढे सरकविणारा असतो तसाच. यंत्र जितके पुढे जाईल तितकीच माती बाहेर काढली, तर कोठी सदैव भरलेली राहते आणि तिच्यातील दाब बाहेरच्या माती-पाण्याच्या दाबाला तोलून धरतो. माती अधिक काढली गेल्यास दाब उतरतो व वरचा रस्ता बसतो; कमी काढली गेल्यास जमीन फुगते.

ही योजना चिकणमातीत उत्तम चालते, कारण ती मळलेल्या कणकेसारखी असते. वाळू तशी नव्हे. तिच्या कणांत चिकटपणा नाही, घर्षण मात्र भरपूर. कोठीत ती घट्ट बसते, चाक फिरविण्यास प्रचंड जोर लागतो, दाते झिजतात आणि दाब सर्वत्र सारखा राहत नाही. शिवाय तिच्यातून पाणी सहज वाहते. नळीतील माती ही कोठीचे जणू बूचच असते. ते बूच वाळूचे असेल तर पाणी त्यातून थेट उसळून बाहेर येते, कोठीतील दाब क्षणात उतरतो, आणि वर काय होते ते सांगावयास नको.

वाळूची कणीक कशी करावयाची? पूर्वी यासाठी बेंटोनाइट चिकणमातीचे पाणी मिसळीत. १९८० च्या सुमारास जपानमध्ये फेसाचा उपयोग सुरू झाला. साबणासारखे द्रव्य पाण्यात अल्प प्रमाणात मिसळून ते पाणी व दाबाखालील हवा एकत्र सोडली, की बारीक बुडबुड्यांचा दाट फेस तयार होतो. चाकावरील छिद्रांतून तो थेट खोदकामाच्या जागी सोडतात. कोठीत व नळीतही सोडता येतो.

बुडबुडे वाळूच्या कणांमधील काही पाणी हटवून तेथे बसतात आणि कणांना एकमेकांपासून किंचित दूर सारतात. कण कणावर घासेनासा झाला की घर्षण एकदम घटते. पाण्याची वाट बुडबुड्यांनी अडल्यामुळे गळतीही कमी होते. हवा दाबली जाणारी असल्याने माती काढण्यात थोडा मागेपुढेपणा झाला तरी दाब एकदम उसळत नाही वा कोसळत नाही. हा लाभ कदाचित सर्वांत मोलाचा.

लागणारे द्रव्य किती थोडे असते हे एका हिशेबाने कळेल. १०० लिटर मातीस ४० लिटर फेस द्यावयाचा आहे आणि फेस मूळ द्रवाच्या दहापट फुगलेला आहे असे धरू. म्हणजे द्रव ४ लिटर, बाकी ३६ लिटर हवा. द्रवात साबणद्रव्य ३ टक्के असेल, तर ते भरते १२० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका कपाएवढे. मात्र हे माप कोठीतील दाबाखालचे आहे. तेथे वातावरणापेक्षा दोन पट अधिक दाब असेल, तर तीच हवा बाहेर १०८ लिटर भरेल. म्हणून हवा मोजताना हा फरक विसरून चालत नाही.

मिश्रण जमले की नाही हे पाहण्याची एक चाचणी पंचायतीच्या बांधकामावरही दिसते. काँक्रीटसाठी वापरतात तोच ३० सेंटिमीटर उंचीचा शंकूचा साचा मातीने भरून उचलतात. ढीग साधारण १० ते २० सेंटिमीटर बसला तर मिश्रण योग्य. मुळीच न बसल्यास ते कोरडे, पसरून पाणी सुटल्यास अति पातळ.

फेस हा सर्व दुखण्यांवरचा उतारा नव्हे. भरड खडी-गोट्यांच्या थरात पोकळ्या एवढ्या मोठ्या असतात की फेस त्यांतून निघून जातो. तेथे बेंटोनाइट वा पाणी धरून ठेवणारी बहुवारिके यांची जोड द्यावी लागते. नेदरलँड्समधील बोटलेक रेल्वे बोगदा पाण्याने भरलेल्या वाळूतून याच पद्धतीने काढला गेला. तेथील मोजमापांतून असे दिसले की, वाळूतून पाणी झपाट्याने हटू शकले तरच फेस त्याची जागा घेतो. एरवी कोठीतील मिश्रण पातळच राहते. यंत्र थांबले असताना तर विशेष दक्षता लागते. बुडबुडे फुटत जातात, हवा कोठीच्या वरच्या भागात साठते आणि वाळू खाली बसते. दुरुस्तीसाठी वा सुट्टीसाठी काम थांबले तरी दाबावरची नजर हटविता येत नाही.

मुंबईच्या ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोला मुख्यतः बेसाल्टसारख्या खडकातून वाट काढावी लागली, त्यामुळे वाळूचा हा प्रश्न तेथे मुख्य नव्हता. यमुनेच्या गाळावर वसलेल्या दिल्लीत वा गंगेच्या मैदानातील शहरांत तो पावलोपावली उभा राहतो.

बाहेर पडणाऱ्या मातीचा प्रश्न मात्र शहराच्या वेशीबाहेर, पुष्कळदा एखाद्या गावाच्या हद्दीत पोहोचतो. दाबातून सुटलेली ही माती फुगलेली व पातळ असते. ट्रकमधून सांडते, लगेच भरावास उपयोगी पडत नाही. तिच्यातील साबणद्रव्य सूक्ष्म जीवांमुळे हळूहळू विघटित होते, पण त्यास काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात, आणि तोवर ते ओढ्यात उतरल्यास मासे व इतर जलचरांना अपाय होऊ शकतो. म्हणून अशी माती बांध घातलेल्या जागेत पसरून सुकू द्यावी लागते व तपासणीनंतरच ती खड्डे वा जुन्या खाणी भरण्यास वापरता येते. आपल्या हद्दीत अशी माती टाकण्याची परवानगी मागितली गेल्यास कोणते द्रव्य वापरले, माती किती दिवस ठेवली आणि पावसाचे पाणी कोठे जाणार, हे तीन प्रश्न पंचायतीने लेखी विचारावेत.