पहिला पगार आणि पुढची वीस वर्षे

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? या प्रश्नामागे आईवडिलांच्या दोन इच्छा असतात. मुलाचे मन रमेल असे काम त्याला मिळावे आणि त्या कामावर त्याचा संसार नीट चालावा. प्रत्यक्ष निर्णय घेताना मात्र या दोन्ही इच्छा मागे पडतात व पहिल्या पगाराचा आकडा पुढे येतो. जेथे तो हजार-दोन हजारांनी अधिक, तेथे मुलगा रुजू होतो. पाच-सात वर्षांनी तो त्याच ठिकाणी, जवळजवळ त्याच पगारावर उभा असलेला दिसतो.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा, दोन तरुण दरमहा १५,००० रुपयांवर कामाला लागले. एकाचा पगार वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्याचा १० टक्क्यांनी. दहा वर्षांनंतर पहिल्याला सुमारे २४,४०० रुपये मिळतील, तर दुसऱ्याला सुमारे ३८,९००. त्याच काळात महागाईही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली असेल, तर पहिला तरुण दहा वर्षे राबूनही जेथून निघाला तेथेच आहे. म्हणून काम निवडताना आज किती मिळेल, एवढेच विचारून चालत नाही. या कामाला पुढे किती पायऱ्या आहेत, हेही विचारले पाहिजे.

एका व्यवसायाच्या पायऱ्या

इलेक्ट्रिशियनचे उदाहरण घेऊ. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजेच आयटीआयमध्ये, हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार या काळात विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी असे उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा नियम २०१९ मध्ये झाला. तारापूरची औद्योगिक वसाहत किंवा रेल्वेची लोअर परळ व महालक्ष्मी येथील वर्कशॉप्स ही आपल्या भागातील मुलांना जवळची ठिकाणे आहेत.

येथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट परवान्यांची. राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ तारतंत्री, म्हणजे वायरमन, तसेच पर्यवेक्षक व विद्युत ठेकेदार यांना परवाने देते. इमारतीच्या वा कारखान्याच्या वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, असा कायदा आहे. त्यामुळे ज्याच्या हाती परवाना आहे, त्याच्या सहीला किंमत असते. हाताचे कौशल्य तेवढेच, पण परवाना नाही, असा माणूस दुसऱ्याच्या हाताखाली रोजंदारीवर राहतो.

दुसरी वाट शिक्षणाची. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली होते. दहावीला कमी गुण मिळाले म्हणून पुढचे दार कायमचे बंद झाले, असे मानण्याचे कारण नाही. हा मार्ग मुलींनाही खुला आहे. राज्यातील आयटीआयमध्ये त्यांच्यासाठी ३० टक्के जागा राखीव असतात.

घराला थांबता येत नसेल तर?

काही घरांत वडील आजारी असतात, डोक्यावर कर्ज असते. अशा वेळी दोन वर्षे शिकत बसणे परवडत नाही. अशा तरुणाने मिळेल ते काम अवश्य धरावे; त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र दरवर्षी एक तरी अशी गोष्ट शिकावी, जी पुढच्या मालकाला कागदावर दाखवता येईल : वाहनाचा वरच्या वर्गाचा परवाना, संगणकावरील हिशेब, वेल्डिंगचे प्रमाणपत्र. केवळ वर्षे मोजून अनुभव वाढत नाही. एकच वर्ष दहा वेळा काढणे आणि दहा वर्षे शिकत जाणे, या दोहोंत मोठे अंतर आहे.

समाधान कोठून येते?

आवडीचे काम तयार सापडते, अशी अनेकांची समजूत असते. बहुतेकांच्या बाबतीत आवड ही कौशल्याच्या मागून येते. हात बसला, चूक आपली आपल्याला कळू लागली, लोक नाव घेऊन बोलावू लागले, की कामाची गोडी लागते. हे होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. पहिल्या सहा महिन्यांत कंटाळा आला म्हणून काम सोडणाऱ्याला ही गोडी कधीच कळत नाही. तथापि जेथे शिकण्यासारखे काही उरले नाही किंवा माणसाचा मान राखला जात नाही, तेथे केवळ सवयीने राहणेही योग्य नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात श्रमाची प्रतिष्ठा श्रम करणाऱ्या माणसामुळे असते, असे प्रतिपादन केले आहे. आपल्या घरांत ‘पांढरपेशी नोकरी’ आणि ‘हाताचे काम’ असा भेद होतो, तेव्हा याचे स्मरण ठेवावे.

वाढलेल्या पगाराचे काय?

पगार वाढला की बहुधा मोटरसायकलचा वा मोबाईलचा हप्ता वाढतो. निदान पहिली काही वर्षे वाढीचा अर्धा भाग बाजूला ठेवावा. पुढच्या परीक्षेची फी, अवजारे किंवा दोन महिन्यांचा घरखर्च यातूनच निघतो. हाताशी एवढी रक्कम असली, की वाईट नोकरी सोडण्याचे धैर्य येते.

भविष्य निर्वाह निधीबाबतही सावध राहावे. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो व नोकरी बदलली तरी खाते पुढे नेता येते. तरीही अनेक तरुण दर वेळी सर्व रक्कम काढून घेतात. त्यातील निवृत्तिवेतनाचा वाटाही काढला, तर मासिक निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या १० वर्षांच्या सेवेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पालकांनो, निकालाच्या दिवशी मुलाला गुण विचाराल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा : पाच वर्षांनी तुझ्या हातात असे काय असेल, जे आज नाही? तो ज्या कामाचे नाव घेईल, त्यात या प्रश्नाला उत्तर असेल, तर पहिला पगार थोडा कमी असला तरी त्याला अडवू नका.