पाचशेवा किलोमीटर नांदुऱ्याच्या अलीकडे

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी मलकापूर सोडते आणि नांदुरा यायच्या आधी, कुठल्याशा कपाशीच्या शेताला लागून, प्रवाशांच्या नकळत एक रेघ ओलांडते. सीएसएमटीपासूनचा पाचशेवा किलोमीटर तिथे पुरा होतो. आणि तेवढ्यावरून खिशातल्या तिकिटाला मध्ये उतरण्याचा हक्क मिळतो!

रेल्वेचा नियम असा, की तिकीट पाचशे किलोमीटरहून लांबचं असेल तर वाटेत मुक्काम करता येतो. हजारापर्यंतच्या तिकिटावर एकदा, त्यापुढच्यावर दोनदा. उतरल्याचा आणि पुन्हा निघण्याचा दिवस धरत नाहीत. मधले दोन दिवस आपले. अट एकच, पण मोठी चिवट. पहिला मुक्काम निघाल्यापासून पाचशे किलोमीटर झाल्यावरच.

आता बुलढाणा जिल्हा बघा. मुंबई–नागपूर अंतर ८३७ किलोमीटर. मलकापूर पाचशेच्या जरासं अलीकडे, शेगाव साधारण ५४७ वर. म्हणजे नागपूरच्या तिकिटावर मलकापूरला मुक्काम नाही, शेगावला मात्र खुशाल उतरा, गजानन महाराजांचं दर्शन घ्या, दोन दिवस राहा आणि त्याच तिकिटावर पुढे निघा. गाडीत कल्याणला बसलात, तिकीटही तिथूनच काढलंत, तर मात्र शेगाव पाचशेच्या आत येतं आणि हक्क गेला! ठाणेकरांचा थोडक्यात वाचतो. उलट नागपूरहून मुंबईला येताना शेगाव तीनशेच्याही आत, तेव्हा तिथे काही चालत नाही. पण शिर्डीसाठी उतरायचं ते मनमाड पाचशेच्या पलीकडे येतं. जाताना शेगाव, येताना शिर्डी. हे कुणी ठरवून केलेलं नाही, निव्वळ अंतरांचा हिशेब आहे.

पैसे वाचतात ते भाड्याच्या उतरत्या दरामुळे. अंतर वाढतं तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो. मुंबई–शेगाव आणि शेगाव–नागपूर अशी दोन तिकिटं काढली की दुसऱ्या तिकिटाचे किलोमीटर पुन्हा पहिल्या, महागड्या भावाने सुरू होतात. सलग तिकिटात ते स्वस्त शेपटाकडचे असतात.

हा हक्क आपोआप चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. उतरल्यावर टीसीकडून किंवा स्टेशन मास्तरांकडून तिकिटावर स्टेशनचं नाव आणि तारीख लिहून घ्यायची. पुढच्या टप्प्याचंही आरक्षण हवं असेल, तर तिकीट काढतानाच खिडकीवर सांगायचं, नंतर आठवून उपयोग नाही. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाहीच.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरणाऱ्याला मात्र हेच किलोमीटर उलटे बोचतात. मेल-एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात कमीत कमी पन्नास किलोमीटरचं भाडं लागतं, त्यामुळे मलकापूर–नांदुरा हा अठ्ठावीसेक किलोमीटरचा प्रवासही पन्नासाच्या भावाने पडतो. पॅसेंजरला ही किमान मर्यादा दहाचीच आहे. स्लीपरला तर ती थेट दोनशेची. मलकापूरहून शेगावला जेमतेम तासाभरासाठी स्लीपर घेतला, तर न केलेल्या जवळजवळ दीडशे किलोमीटरचे पैसे रेल्वे घेते, तेही अगदी नियमानं.