पांढऱ्या सोन्याचा उसना पांढरेपणा

पांढऱ्या सोन्याची म्हणून जी अंगठी दुकानाच्या दिव्याखाली आरशासारखी लखलखते, तिच्यातलं सोनं आपल्याला दिसतच नसतं. दिसतो तो ऱ्होडियमचा मुलामा. झवेरी बाजारातला कारागीर त्याला नुसतं 'रोडियम' म्हणतो. वर्ष-दोन वर्षांत तळहाताकडच्या बाजूने तो झिजतो, आतला फिका पिवळसर रंग डोकावतो आणि घरात कुजबुज सुरू होते की सराफाने फसवलं. बहुतेक वेळा फसवणूक झालेली नसते. विकताना एक गोष्ट सांगायची राहिलेली असते, आणि मला विचाराल तर ती चूक लहान नाही.

22 कॅरटमध्ये शंभर भागांपैकी जेमतेम साडेआठ भाग इतर धातू असतात. एवढ्याशा हिणाने सोन्याचा पिवळेपणा मरत नाही. म्हणून पांढरं सोनं 18 किंवा 14 कॅरटचं. 18 कॅरटमध्ये पंचवीस भाग मोकळे मिळतात, त्यात निकेल किंवा पॅलेडियम घालतात. निकेल स्वस्त आणि टणक, पण काहींच्या त्वचेला खाज-पुरळ आणणारं. त्वचेशी संपर्क येणाऱ्या दागिन्यातून किती निकेल सुटावं यावर युरोपात कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे तिकडे माल पाठवणाऱ्या कारखान्याला मिश्रणाचा विचार आधीच करावा लागतो. पॅलेडियम त्वचेला सौम्य, पण महाग आणि वितळवायला कठीण. शिवाय दोन्ही मिश्रणांचा मूळ रंग राखाडी किंवा पिवळट झाक असलेलाच. व्यापारात हा पिवळेपणा मोजायचा निर्देशांक आहे: 19 च्या खाली असेल तर उत्तम प्रत, मुलाम्याची गरज नाही, 24.5 च्या वर गेला तर मुलाम्याशिवाय गत्यंतर नाही.

हे सगळं सुरू झालं प्लॅटिनमच्या टंचाईतून. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी लागणारं नायट्रिक आम्ल बनवायला प्लॅटिनम हवं होतं, आणि 1917 च्या क्रांतीनंतर रशियाचा पुरवठा विस्कटला. हिरे पांढऱ्या धातूत जडवायची चाल तर रूढ झालेली. जर्मनी आणि न्यूयॉर्कच्या कारागिरांनी त्याच सुमारास पांढऱ्या सोन्याची मिश्रणं बाजारात आणली. ऱ्होडियमचा मुलामा त्यानंतर, 1930 च्या दशकात आला.

गंमत अशी की सोन्याला आतून पांढरं करणारं पॅलेडियम आणि बाहेरून झाकणारं ऱ्होडियम, दोन्ही एकाच माणसाने शोधली. लंडनच्या विल्यम हाइड वॉलस्टनने दक्षिण अमेरिकेतलं कच्चं प्लॅटिनम विरघळवताना ती वेगळी केली. पॅलेडियमची तर त्याने 1803 मध्ये नाव न सांगता जाहिरात केली आणि सोहोमधल्या एका दुकानात ते विकायला ठेवलं. रिचर्ड चेनेव्हिक्स या रसायनज्ञाने ते विकत घेतलं आणि हा नवा धातू नसून प्लॅटिनम-पाऱ्याचं मिश्रण आहे असं ठासून सांगितलं. वॉलस्टन बराच काळ गप्प राहिला. ऱ्होडियम मात्र त्याने 1804 मध्ये स्वतःच्या नावाने जाहीर केलं.

आज बहुतांश ऱ्होडियम दक्षिण आफ्रिकेतून येतं आणि त्यातलं बहुतेक मोटारींच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रात जातं. त्यामुळे दागिन्याच्या मुलाम्याचा भाव मोटार उद्योग ठरवतो. मार्च 2021 मध्ये एका औंसाला 29,000 डॉलरच्या आसपास भाव गेला होता, म्हणजे ग्रॅमला सुमारे 68,000 रुपये. आता हिशेब करून बघा. अंगठीचं क्षेत्रफळ 5 चौरस सेंटिमीटर आणि थर पाव मायक्रॉनचा धरला, तर धातू लागतो दीड मिलिग्रॅम. त्या चढ्या भावानेही शंभर रुपयांचा! बाकीचे पैसे पॉलिश, मजुरी आणि द्रावणात अडकलेल्या भांडवलाचे. लिटरभर द्रावणात साधारण 2 ग्रॅम ऱ्होडियम असतं. मुलामा या द्रावणातून विजेने चढवतात. त्यात बुडवलेला धनाग्र, म्हणजे विजेचं धन टोक, झिजत नाही, त्यामुळे दागिन्यावर बसणारा प्रत्येक कण द्रावणातूनच कमी होतो. दमलेलं किंवा तांब्याने बिघडलेलं द्रावण तसंच वापरलं की थर काळपट बसतो. जाड थर मागूनही फारसा फायदा नाही. आतल्या ताणाने तो तडकतो.

बुडवणं मिनिटभराचं, तयारी मोठी. आधी ओरखडे घासून काढायचे, मग ध्वनिलहरींच्या यंत्रात मळ सोडवायचा, ऊर्ध्वपातित पाण्यात धुवायचं. प्रत्येक पॉलिशला किंचित सोनं जातंच. म्हणून दागिना देताना आणि घेताना आपल्यासमोर वजन करून घ्यावं, आणि दर दिवाळीला हौसेने मुलामा देऊ नये. कानातल्याला तो वर्षानुवर्षं टिकतो. द्रावण आम्लाचं असतं, त्यामुळे मोती, पोवळं, पाचू, फिरोजा जडवलेला दागिना त्यात बुडवू देऊ नये.

घरी टूथपेस्टने दागिने घासायची सवय मुलाम्याला सर्वांत वाईट. त्यात घासणारी पूड असते. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. जलतरण तलावात आणि ब्लीच वापरताना अंगठी काढून ठेवायची ती मुलाम्यापेक्षा हिऱ्यासाठी. क्लोरीनमुळे निकेलवाल्या सोन्याचे, खडा धरून ठेवणारे ताणाखालचे काटे चिरतात आणि खडा निसटतो.

हॉलमार्कवर 18के750 वाचून सोन्याचा कस कळतो. उरलेल्या पंचवीस भागांत निकेल आहे की पॅलेडियम, मुलामा किती मायक्रॉनचा, यातलं काही कळत नाही. पाडव्याला अंगठी घेणार असाल तर हे दोन्ही प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. मुलामा न दिलेला पॅलेडियमचा नमुनाही बघायला मागा. तो लखलखत नाही, करडा दिसतो. मला तोच आवडतो, आणि झिजला तरी त्याच्याखाली वेगळा रंग नसतो.