वहीच्या समासातल्या रेघोट्या

दिवेलागणीला पोर वही घेऊन ओसरीवर बसते. गोठ्यातली धार उरकून तुम्ही घरात येता, जाता जाता वहीत डोकावता, तर समासात बैल, चौकटी, वेलबुट्टी! लगेच पाठीत धपाटा बसतो. "शाळेत बसून हेच करतोस होय रे?"

पण जरा थांबा. इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० जणांना टेलिफोनवरचा अडीच मिनिटांचा निरोप ऐकवला. निरोप मुद्दाम कंटाळवाणा ठेवला होता : मेजवानीला कोण येणार, कोण नाही, असा पाल्हाळ. निम्म्या लोकांना ऐकता ऐकता कागदावरचे चौकोन नि गोल पेन्सिलीने भरायला सांगितले होते. बाकीचे नुसते ऐकत होते. मग अचानक विचारले, काय आठवते? पेन्सिल चालवणाऱ्यांना सुमारे २९ टक्के जास्त आठवले!

याचे कारण काय असावे? बाईंचा तर्क असा, की कंटाळा आला की मन दिवास्वप्नात शिरते, आणि हाताला हलकासा चाळा असला की ते तितके लांब जात नाही. तुम्हीच आठवून पाहा. कीर्तन लांबले की म्हातारी माणसे वाती वळत बसतात. पण आख्यानातला एक शब्द त्यांच्या कानांतून सुटत नाही.

मात्र यावरून पोराला मोकळे रान देऊ नका. त्या प्रयोगात माणसे ऐकत होती, वाचत नव्हती. आणि चौकोन भरणे म्हणजे शिंगा-वशिंडासकट बैल काढणे नव्हे. धडा वाचताना किंवा गणित सोडवताना डोळे कागदावरच हवेत. तिथे चित्र आले की गणित मागे पडते. तेव्हा आधी विचारा, "गुरुजी हे शिकवत होते तेव्हा काढलंस, की आता?" शिकवताना काढले असेल, आणि त्या दिवशीचा धडा पोर नीट सांगत असेल, तर समासाची काळजी सोडा. वही खराब होते एवढेच दुःख असेल तर जुन्या कॅलेंडरची पाने कापून द्या.

पाय हलवणे, पेन्सिल चावणे यांवर फार बोलण्यासारखे नाही. मोबाईलचे मात्र तसे नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या २०१७ सालच्या अभ्यासात मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. मेजावर नुसता उपडा ठेवलेला मोबाईलसुद्धा लक्ष ओढतो, असे त्यांना दिसले. पुढे इतरांनी केलेल्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक दिसला नाही. पण घरी करून पाहायला पैसा थोडाच लागतो? गृहपाठ मोबाईलवर आला असेल तर तो वहीत उतरवून घेऊ द्या, मग मोबाईल फडताळात.

आता आपल्या, मोठ्यांच्या खोडीविषयी. पोर गणिताला बसले की आपल्याला कामे आठवतात. "मोटार बंद करून ये." "शेळीला पाला टाक." "दुकानातून चहापत्ती आण." परत येऊन बसावे तर कुठली पायरी झाली होती हेच आठवत नाही, गणित पहिल्यापासून. मुलींना तर याहून जास्त हाका. भाऊ वाचत असला तर त्याला कुणी उठवत नाही. ती वाचत असली की चुलीवरचे दूध तिनेच पाहायचे! आणि परीक्षेत दोन गुण कमी पडले की "हिचं लक्षच नसतं" म्हणायला आपण मोकळे.

सुगीत हात कमी पडतात, हे खरेच आहे. म्हणून कामे अभ्यासाआधीच सांगून टाका : पाणी, पाला, दुकान, सगळे. मग तासभर हाक मारायची नाही, आजीनेसुद्धा नाही. दूध त्या तासात बापाने पाहावे.