शंकराचे दहा हात आणि दुपटीची हार

दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. सिंघण यादवाच्या पदरी चांगदेव हा ज्योतिषी होता, भास्कराचार्यांचा नातू. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेलं की पाटण लागतं. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने तिथे मठ काढला. शिलालेखात तशी नोंदच आहे. ‘लीलावती’ (११५०) ही त्याच आजोबांची. तिच्यातली दोन गणितं शेजारी-शेजारी मांडावीत, अक्षरशः डोकं गरगरतं.

पहिलं दानाचं. दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि महिनाभर रोज दुप्पट करत जातो. तीस दिवसांची बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या! २०,४८० कवड्यांचा एक निष्क, या जुन्या नाण्यांच्या हिशेबाने १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि वर ६ कवड्या.

दुसरं शंकराचं. दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण, धनुष्य. आयुधांची अदलाबदल केली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? १ ते १० यांचा गुणाकार, म्हणजे १० चं क्रमगुणित: ३६,२८,८००. सेकंदाला एक मूर्ती पाहिली, तर रात्रंदिवस बरोबर ४२ दिवस लागतील. १ पासून दहा वेळा दुप्पट करून हाती येतात फक्त १,०२४.

हात वीस केले तर? वीसदा दुप्पट केल्यावर येणारे सेकंद जेमतेम १२ दिवसांचे. वीस हातांच्या मूर्ती पाहायला मात्र सुमारे ७,७०० कोटी वर्षं लागतील, आणि विश्वाचं वय आहे साधारण १,३८० कोटी.

पण क्रमगुणित विसाला जिंकलं म्हणून वीस कोटीलाही जिंकेल, हे कशावरून? आकडे कितीही मोठे दाखवले तरी ती सिद्धता होत नाही. ३ पाशी दुप्पटच पुढे आहे: ८ विरुद्ध ६. ४ पाशी पारडं फिरतं: १६ विरुद्ध २४. यापुढे प्रत्येक पायरीला दुप्पट नुसती २ ने गुणली जाते, क्रमगुणित ५ ने, ६ ने, ७ ने. म्हणजे एका पायरीवर ते पुढे असेल, तर पुढच्या पायरीवरही पुढेच असणार. एवढ्या एका वाक्यात अनंतापर्यंतचा निकाल लागतो. हेच गणिती विगमन. मला गणितातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

सीमाही याच वाटेने हाती येते. दुपटीला क्रमगुणिताने भागा: ३ पाशी ४/३, ४ पाशी २/३, ५ पाशी ४/१५. दर पायरीला निम्मं किंवा त्याहूनही कमी उरतं, म्हणून या क्रमिकेची सीमा शून्य.

आता दुपटीऐवजी दहापट घ्या. २४ व्या पायरीपर्यंत दहापट पुढे राहते, २५ व्या पायरीला क्रमगुणित तिला मागे टाकतं. तिथून ते पुन्हा कधीच का मागे पडत नाही, हे घरातल्या अकरावीच्या मुलाला किंवा मुलीला सिद्ध करायला सांगा. दोन ओळी पुरतात.