उशिरा पडणारा गिअर

जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा गिअरबॉक्स १९६९च्या मॉडेलांबरोबर आला आणि १९८०च्या दशकातही बनत होता. शेवरले आणि ब्यूइक या एकाच घरातल्या दोन विभागांनी तो मिळून तयार केला. पुढचे तीन गिअर, एक रिव्हर्स आणि सगळं एकाच ॲल्युमिनियमच्या कवचात. नोव्हा, कॅमॅरो, शेव्हेल आणि मालवाहू पिकअप अशा सगळ्यांच्या पोटात तो बसला. अमेरिकेत जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडे तो आजही धावतो आहे. म्हातारपणी त्याची एक तक्रार हमखास ऐकू येते. हलक्या पायानं चालवताना साधारण २०-२५ किलोमीटरच्या वेगाला दुसरा गिअर पडायला हवा, पण इंजिन ओरडत राहतं, काटा चाळीसच्या पुढे जातो आणि मग कुठे धक्का देत गिअर बदलतो.

अशा वेळी मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो गिअरबॉक्स उतरवण्याचा. माझ्या मते तो शेवटचा असावा. या यंत्रात गिअर उशिरा पडण्याचं कारण बऱ्याचदा यंत्राच्या आत नसतं. त्याला बाहेरून चुकीची बातमी मिळत असते आणि त्या बातमीनुसार ते अगदी बरोबर वागत असतं.

मूळ ३५० मध्ये ना संगणक, ना सेन्सर. गिअर कधी बदलायचा हे ऑइलच्या दाबावर ठरतं. मागच्या शाफ्टनं फिरवला जाणारा गव्हर्नर गाडीच्या वेगाबरोबर दाब वाढवत नेतो. दुसरा दाब इंजिनावरचा भार सांगतो, आणि तो येतो व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाच्या पत्र्याच्या छोट्या डबीतून. शिफ्ट व्हॉल्व्ह नावाची एक लहानशी दांडी या दोन दाबांच्या मध्ये असते. वेगाचा दाब तिला पुढे ढकलतो. भाराचा दाब आणि एक स्प्रिंग तिला मागे रेटतात. वेग जिंकला की दांडी सरकते आणि गिअर पडतो. घाट चढताना गिअर उशिरा पडावा आणि सपाट रस्त्यावर लवकर, ही समज यंत्रात एवढ्यातूनच येते.

मॉड्युलेटरच्या डबीत एक पडदा असतो आणि त्याच्यामागे स्प्रिंग. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून निघालेली एक नळी या डबीला जोडलेली असते. निरोगी इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमध्ये १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम असतो. तो पडद्याला ओढून धरतो, स्प्रिंगचा जोर मोडतो आणि भाराचा दाब खाली राहतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो, स्प्रिंगला मोकळीक मिळते आणि दाब चढतो. आता या नळीला चीर गेली तर? नळीचा मधला भाग लोखंडी असतो, पण दोन्ही टोकांना रबर. इंजिनाच्या उष्णतेनं ते रबर वाळतं, कडक होतं, तडकतं आणि व्हॅक्यूम डबीपर्यंत पोचत नाही. मग घरी चार माणसं असताना वीस जणांचा निरोप मिळालेल्या आचाऱ्यासारखी गिअरबॉक्सची गत होते. पाय हलका असला तरी त्याला वाटतं गाडी पूर्ण ताकदीनं ओढते आहे. तो क्लचवरचा दाब वाढवतो, गिअर लांबवतो आणि बदलतो तेव्हा दणक्यानं बदलतो.

उशीर आणि दणका एकत्र, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. निदानाची अर्धी लढाई या उशिराची जात ओळखण्यातच आहे. उशीर आहे पण गिअर नेहमीसारखा मऊ पडतो, तर संशय गव्हर्नरवर. त्याची वजनं किंवा झडप चिकटामुळे अडखळते आणि वेगाची बातमी कमी पोचते. त्याचं नायलॉनचं दंतचक्र झिजून गेलं तर गाडी पहिल्यातून वर चढतच नाही. गिअर बदलताना मध्येच इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, हा उशीरच नव्हे. ते क्लच प्लेटा घसरणं आहे आणि प्रकरण गंभीर आहे. न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी क्षण-दोन क्षण विचारात पडते, हा आणखी वेगळा आजार. तिथे ऑइलची पातळी, तुंबलेला फिल्टर किंवा क्लचच्या पिस्टनवरची कडक झालेली रबरी सीलं तपासायची. मालक या चारही गोष्टींना ‘गिअर लेट पडतो’ एवढंच म्हणतो. म्हणून चांगला मिस्त्री आधी स्वतः गाडी चालवून बघतो.

ऑइल सगळ्यात आधी पाहायचं, तेही नीट. गाडी सपाटीवर, ऑइल गरम, इंजिन चालू आणि लिव्हर पार्कमध्ये. थंड ऑइलची पातळी डिपस्टिकवर खरी असते त्यापेक्षा कमी दिसते आणि मग माणूस उगाच जास्त भरतो. हे ऑइल नवं असताना लाल असतं. ते तपकिरी झालं असेल आणि जळका वास येत असेल तर प्लेटांचं अस्तर जळलेलं आहे. (पहिल्या डेक्सरॉन ऑइलमध्ये स्पर्म व्हेलचं तेल घालत असत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला.) जुन्या गाडीत नवं ऑइल घातलं की गिअरबॉक्स बसतो, असं गॅरेजांत सर्रास सांगतात. मला ते फारसं पटत नाही. लोक ऑइल बदलतात तेच मुळात तक्रार सुरू झाल्यावर. दोष आधीचा असतो, नाव मात्र नव्या ऑइलचं होतं.

त्यानंतर मॉड्युलेटरची नळी काढून बघायची. आतून लाल ऑइलचा थेंब आला तर पडदा फाटलेला आहे. मग इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, ऑइल कमी होत जातं, आणि गाडीखाली मात्र एक थेंब सांडलेला नसतो. नवा मॉड्युलेटर एका बोल्टवर बाहेरूनच बसतो. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

नळी आणि पडदा दोन्ही ठीक असतील तर एक सोपी परीक्षा आहे. नळी इंजिनापासून सोडवायची, इंजिनाकडचं तोंड बुजवायचं, आणि हातपंपानं मॉड्युलेटरला १८ इंचांचा व्हॅक्यूम देऊन मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायानं थोडं अंतर जायचं. गिअर वेळेवर पडले तर गिअरबॉक्स सुटला, गुन्हेगार इंजिन. झिजलेल्या रिंगा, जळालेला व्हॉल्व्ह, चुकलेलं टायमिंग यांतल्या कशानंही व्हॅक्यूम पडतो. तरीही उशीर झाला तर गव्हर्नर, व्हॉल्व्ह बॉडी, किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ओढली जाणारी, पण अडकून ओढलेलीच राहिलेली किकडाउनची केबल. गव्हर्नरचं झाकण तारेच्या कडीनं धरलेलं असतं. तो बाहेर काढून धुता येतो.

एक मोह मात्र टाळलेला बरा. काही मॉड्युलेटरांच्या नळीच्या तोंडात आत एक स्क्रू असतो. तो फिरवला की गिअर लवकर आणि मऊ पडू लागतात, मालक खूश होतो. पण त्याबरोबर क्लच दाबून धरणारा दाबही उतरतो, प्लेटा थोड्या थोड्या घसरत जळतात, आणि शेवटी गिअरबॉक्स खोलावाच लागतो.

पुढे १९८२मध्ये आलेल्या ७००-आर४ या गिअरबॉक्सनं व्हॅक्यूमची डबी काढून थ्रॉटलच्या केबलवर काम सोपवलं, आणि १९९३च्या सुमारास ४एल६०-ई मध्ये सोलेनॉइड व संगणक आले. प्रश्न तेच राहिले, बातमी आणणारे बदलले. आता थ्रॉटल सेन्सर चुकीचं सांगतो, नाहीतर वेगाचा सेन्सर. शिवाय नव्या गाड्यांत सकाळी थंड इंजिनावर गिअर मुद्दाम लांबवलेले असतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. तो आजार नव्हे. आपल्याकडे २०१४च्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी गाड्यांचा विषय मात्र सर्वस्वी निराळा आहे. त्यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो आणि क्लच यंत्रानं दाबला जातो. तिथला क्षणभराचा खंड नव्या गाडीतही जाणवतो.

३५० शेवटी खोलावा लागतोच कधी कधी. प्लेटा, सीलं, फिल्टर नवे पडतात, मिस्त्री नवा मॉड्युलेटर लावतो, आणि इंजिनाकडून येणारी ती तडकलेली जुनी नळीच पुन्हा त्याला जोडली गेली, तर नवाकोरा गिअरबॉक्सही पहिल्या चौकातच उशिरा आणि दणक्यानं गिअर टाकतो.